पायाला पाय लावून

१

शेतीच्या लाईनीला उन्हाळा सोसत नाही. शिनोलीच्या शिवारात कांदा निघाला, विहिरी तळाला गेल्या, की ती काही ना काही निमित्त काढून पडते. मग लोक आधी वायरमनला शिव्या घालतात आणि नंतर फोन करतात. आदेशला दोन्हींची सवय होती. शिव्या तो मान खाली घालून ऐकायचा, मोटारसायकलला लांब काठी बांधायचा आणि निघायचा.

त्या सकाळचा फोन सुनीलचा होता. सुनील सबस्टेशनवर ऑपरेटर. शेतीच्या लाईनीचा फीडर पडलाय, पॅनलवर अर्थ फॉल्ट दाखवतंय, दोनदा चढवून पाहिला, दोन्ही वेळा उडाला, एवढं सांगून त्यानं वर आदेशच्या झोपेचीही चौकशी केली. आदेशचा जोडीदार पुतण्याच्या लग्नाला गेला होता. सगळी लाईन त्याला एकट्यालाच पायाखाली घालायची होती.

अर्थ फॉल्ट म्हणजे तारेतली वीज कुठंतरी जमिनीला लागलेली. कधी चिंचेची फांदी टेकलेली असते, कधी खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलेला असतो, कधी कावळ्यानं घरट्याला आणलेला तारेचा तुकडा असतो. कारण चिमूटभर, पण त्यापायी अख्खं शिवार बंद. शोधायची रीत मात्र सोपी. लाईनच्या मध्यावरचा स्विच उघडायचा आणि अलीकडचा भाग चालू करायला सांगायचं. तो टिकला तर दोष पलीकडं. मग पलीकडच्याचे पुन्हा दोन भाग. असं अर्ध्याचं अर्धं करत गेलं की शेवटी हातात एक लहानसा तुकडा राहतो, आणि दोष त्या तुकड्यात असतोच असतो. आदेशचा देवावर जेवढा विश्वास होता त्याहून अंमळ जास्त या रितीवर होता.

ऊन डोक्यावर यायच्या आत शेवटचा तुकडा हातात आला. दादाभाऊंच्या माळावरून ओढ्याच्या मोटारींकडे जाणारी लाईन. चार खांब, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तीन तारा, खाली मोकळं रान. झाड नाही, वेल नाही, घरटं नाही. तो खांबाखांबाशी थांबून वर बघत गेला. सगळं जागच्या जागी होतं.

मग त्याची नजर खाली गेली.

२

कांदा काढून नांगरलेलं रान. ढेकळं फुटून वर बोटभर फुफाटा साचला होता. त्या फुफाट्यात दोन ओळी उमटल्या होत्या, एकमेकींना चिकटून, कुठंही न तुटता. पहिल्यांदा त्याला वाटलं कुणी ओंडका ओढत नेला असेल. वाकून पाहिलं तर त्या ओळींना पावलांची रुंदी होती.

ती चाल ओळखायला त्याला वेळ लागला नाही. गावोगावी तो स्वतः तीच शिकवायचा. तार तुटून पडली की तिच्याभोवतीची जमीनही जिवंत होते. टांग टाकली तर वीज एका पायानं वर चढते आणि दुसऱ्यानं उतरते, मधल्या मधे माणूस जातो. म्हणून पाऊल उचलायचं नाही. पायाला पाय लावून, घासत घासत, तारेपासून लांब व्हायचं. जनावराला हे कळत नाही. त्याचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून जनावर आधी मरतं.

ओळी तारांच्या बरोबर खाली, रानाच्या मध्यावर सुरू होत होत्या आणि उगवतीच्या बांधाकडे गेल्या होत्या. कुणीतरी शहाणं माणूस तारेखालून बाहेर पडलं होतं. पण तार तर वर होती. तिन्ही तारा वर होत्या. पडलीच नाही त्या तारेपासून माणूस असं जीव मुठीत धरून का चालेल?

रानाच्या कडेला, डांबरी रस्त्याजवळ, मेंढ्यांचा वाडा बसला होता. दादाभाऊंनी खतासाठी बहिरूच्या मेंढ्या आठवडाभर बसवून घेतल्या होत्या. सुताच्या जाळीची वाघर, एक पाल, पालापुढं तीन दगडांची चूल. बहिरू पासष्टीचा, अंगानं काटक. त्याची बायको बानूबाई चुलीपुढं बसली होती. आदेशला पाहताच बहिरू उठला आणि त्याला वाघरीमागं घेऊन गेला.

तिथं एक मेंढी मरून पडली होती. पहाटे त्या तिकडं, तारंखाली सापडली, असं बहिरू म्हणाला. बिबट्यानं मारली असेल असं आदेशच्या तोंडून निघून गेलं.

"बिबट्या न्हाई, पावणं," बहिरू म्हणाला. "बिबट्या मान फोडतो. हिचं पाय बगा."

मेंढीचे चारी पाय एका जागी गोळा झाले होते, मोळी बांधावी तसे. बहिरूनं सांगितलं, सापडली तेव्हा ती पडलेली नव्हती. तशीच उभी होती. त्यानं हात लावला तेव्हा कलंडली.

त्या रानात असं घासत कोण चाललं होतं, आदेशनं विचारलं. दोघांनाही काही माहीत नव्हतं. मग त्यानं ती चाल का आणि कशी, ते दोघांना करून दाखवलं. तार पडलेली दिसली, पायाला मुंग्या आल्या, तर पाऊल उचलायचं नाही, एवढं दोनदा बजावलं. बानूबाई पदर तोंडाला लावून हसली. "बामनाची नवरी चालल्यावानी," ती म्हणाली. पण नंतर उठून तिनं चार पावलं करून दाखवली, आणि बरोबर केली.

३

दुपारभर तो त्या तुकड्याच्या मागं लागला. सुनीलकडून लाईन बंद घेतली, उरलीसुरली वीज उतरावी म्हणून तारा आकडा लावून जमिनीला जोडल्या, आणि खांबांवर चढून त्या चार खांबांमधल्या तिन्ही गाळ्यांच्या तारा दोन्ही टोकांना सोडवल्या. आता त्यांचा मागच्या लाईनीशी संबंध नव्हता, ओढ्यावरच्या मोटारींशीही नव्हता. नुसत्या इन्सुलेटरवर ठेवलेल्या तीन तारा. मग त्यानं जमिनीचा आकडा काढला आणि मेगर लावला. मेगर म्हणजे हँडल फिरवायची पेटी. तार जमिनीला कुठं चिकटली असेल तर ती काट्यावर सांगते.

कडेच्या दोन तारा चांगल्या निघाल्या. मधल्या तारेला काटा शून्यावर जाऊन बसला.

त्यानं मधल्या तारेचे सगळे इन्सुलेटर बदलले. जुने खाली आणून पुसून, उन्हात फिरवून पाहिले. एकालाही केसभर तडा नव्हता. पुन्हा हँडल फिरवलं. काटा शून्यावर.

त्यानं सुनीलला फोन लावला. सुनील म्हणाला, मेगर जुना झालाय, तुझ्यासारखाच. मग म्हणाला, दादाभाऊंचे आणि आजूबाजूच्यांचे फोन चाललेत, मिरची वाळायला लागलीय, ते तीन गाळे जोडून टाक आणि एकदा चढवून बघू, उडाला तर उडाला. आदेश नाही म्हणाला. खाली माणसं राहतायत, एवढंच बोलला. सुनीलनं बाकीची लाईन चालू केली, ती टिकली. म्हणजे दोष त्या तुकड्यातच होता. रीत खोटं बोलत नव्हती.

फोन खिशात ठेवून तो वर बघत उभा राहिला. ओढ्याकडून वारा सुटला होता. कडेच्या दोन्ही तारा हलत होत्या, उन्हात चमकत खाली-वर होत होत्या. मधली तार हलत नव्हती. कुणीतरी खालून धरून ठेवावी तशी ती थांबलेली होती.

जुनी तार, ताण जास्त असेल, असं त्यानं स्वतःशी ठरवलं. पण जाताना तो तारांखालून न जाता बांधाबांधानं वळसा घालून गेला.

४

दुसऱ्या सकाळी आणखी एक मेंढी गेली होती. रानात आणखी एक माग उमटला होता, या वेळी मावळतीच्या बाजूला. तोही मध्यावरून निघून बांधाकडे गेलेला.

आदेशनं बहिरूला वाडा हलवायला सांगितलं. समजावून सांगितलं, हात जोडून सांगितलं. बहिरू ऐकून घेत राहिला. सहा मेंढ्या व्यायल्या होत्या, कोकरं चालण्याजोगी नव्हती, पुढच्या रानाचा मालक अजून हो म्हणाला नव्हता. शिवाय एका कोकराच्या तोंडाला फोड आली होती, औषधाला दुपारी घोडेगावला जायचं होतं.

"न्यायचं कुटं, सांगा तुमी," बहिरू म्हणाला. "मला काय हौस हाय व्हय हितं मरायची?"

आदेशनं दादाभाऊंना गाठलं. दादाभाऊ वाईट माणूस नव्हता, पण घाईचा होता. आपला टेम्पो मंचरच्या बाजारातून आला की कोकरं हलवून देतो म्हणाला, आणि लगेच लाईन कधी चालू करतोस ते विचारलं. आदेशनं त्याला सांगितलं, वाडा हलल्याशिवाय मी त्या तारा जोडणार नाही. इतकं स्पष्ट तो आयुष्यात क्वचितच कुणाशी बोलला असेल. बोलून झाल्यावर त्याचे कान तापले.

निघताना बानूबाईनं त्याला चहाला थांबवलं. बिनदुधाचा चहा बशीत ओतून देताना ती सहज म्हणाली, "तुजा दुसरा मानूस बरा हाय रं. तुज्यासारका घाबरट न्हाई."

कुठला दुसरा माणूस, त्यानं विचारलं.

सकाळी दिस उगवताना आला होता, ती सांगू लागली. तिथं तारेखाली उभा होता. हातात काठी. तोंड दिसलं नाही, सूर्य त्याच्या पाठीमागं होता. त्यानं तिला हाक मारली आणि म्हणाला, पाय उचलू नका, बाकी भ्यायचं काही नाही. मग मेंढ्या ओरडायला लागल्या म्हणून ती वाघरीकडं वळली. पुन्हा बघते तर गेलेला.

आदेशनं तिथूनच सुनीलला फोन केला. सुनील म्हणाला, कुणाला पाठवायला माझ्याकडं माणूस आहे का राव? आदेशनं फोन ठेवला. कंत्राटदाराचा कुणी असेल. कुणी वाटसरू असेल, गंमत म्हणून थांबला असेल. बांधावरून आला असेल.

बांधावरून आला असेल तर येण्याचा माग कुठं होता, हा प्रश्न त्याला चहा संपेपर्यंत पडला नाही. पडला तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली आणि बानूबाईला सांगितलं, तो परत आला तर त्याच्याशी बोलू नका. मला फोन करा.

"मला न्हाई येत फोन," ती म्हणाली. "ह्येंच्याकडं असतोय."

५

दुपारी तो सबस्टेशनवर गेला. पॅनलच्या खोलीत पंखा घरघरत होता. खिडकीबाहेरचा मोठा ट्रान्सफॉर्मर एका सुरात गुणगुणत होता. त्या आवाजात रोज बसणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. सुनील डबा सोडून बसला होता. त्यानं आदेशपुढं भाकरी सरकवली आणि पॅनलकडं बोट केलं.

"ते बघ. सकाळपासून चाललंय."

शेतीच्या फीडरच्या रिलेवर एक बारीक पिवळा दिवा लुकलुकत होता. जमिनीकडं थोडी वीज झिरपू लागली की तो लागतो. जास्त झिरपली की रिले लाईन पाडते. हा लागत होता आणि विझत होता. लाईन पडत नव्हती.

कुठल्या तरी फांदीला तार घासत असेल वाऱ्यानं, असं सुनीलचं म्हणणं. आदेशला ते पटलं. तो भाकरी खाऊ लागला. त्याची नजर मात्र दिव्यावरच राहिली.

लागला. थांबला. पुन्हा लागला. मग जरा जास्त वेळ विझलेला. पुन्हा लागला, थांबला, लागला.

वारा असा मोजून वाहत नाही.

काही वेळानं त्याला कळलं की टेबलाखाली त्याचा उजवा पाय हलतोय. पुढं सरकतोय, थांबतोय. मग डावा पाय सरकून त्याच्याशी येऊन भिडतोय. दिव्याबरोबर. दोन्ही पायांवर हात दाबून त्यानं ते थांबवले.

"काय झालं?" सुनीलनं विचारलं.

दिवा विझला होता. बराच वेळ विझलेलाच राहिला. सुनील म्हणाला, बघ, गेलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, पंखा घरघरत होता. आदेशनं बहिरूला फोन लावला. बहिरू घोडेगावच्या औषधाच्या दुकानात होता. मागं गाड्यांचा आवाज येत होता. बानूबाई वाड्यावर एकटी होती.

तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. थांबला. लागला. या वेळी चाल सावकाश होती, म्हाताऱ्या माणसाची असावी तशी.

आदेश हात न धुता उठला. जाता जाता दारातून सुनीलला म्हणाला, अख्खा फीडर बंद कर. कुणीही सांगितलं तरी चढवू नको. सुनीलनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ब्रेकर पाडला. खोलीत खट्ट आवाज झाला.

दिव्याकडं पाहायला आदेश थांबला नाही.

६

माळावर पोचला तेव्हा वाड्यावर कुणी दिसेना. पाल रिकामं. चूल विझलेली. वाघरीतल्या मेंढ्या गप्प होत्या, आणि ते गप्प राहणंच त्याला आधी खटकलं. मग त्यानं पाहिलं. सगळ्या मेंढ्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकीनं आपले चारी पाय एका जागी गोळा केले होते. कोकरंसुद्धा. एकही हलत नव्हती.

त्यानं बानूबाईला हाक मारली. उत्तर नाही. रान उन्हानं थरथरत होतं, त्यात कुणी दिसेना; ती ओढ्याला गेली असेल म्हणून तो उगवतीच्या बांधावर चढला. पहिल्या दिवशीचा तो माग तिथंच संपत होता. आतापर्यंत त्यानं तो फक्त तारेच्या बाजूनं पाहिला होता. बांधाच्या अंगाला माती थोडी ओली होती, आणि त्या ओल्या मातीत, घासत गेलेल्या ओळी सुरू होण्याआधी, दोन मोकळी अनवाणी पावलं स्वच्छ उमटली होती.

अंगठे रानाकडं होते. टाचा बांधाकडं.

घासत गेलेल्या मागाला टाच नसते, अंगठा नसतो. त्यावरून कुणी सांगू शकत नाही की माणूस कुठून कुठं गेलं. पण आदेश वायरमन होता. पायाला पाय लावून चालायचं ते तारेपासून लांब जायला, हे त्यानं इतक्या जणांना शिकवलं होतं की उलटंही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कुणीही तारेखालून बाहेर पडलं नव्हतं. ज्यांचे माग होते ते सगळे मध्यावरच गेले होते.

त्यानं वळून पाहिलं.

वाघरीच्या कोपऱ्यापासून चपलांचे ठसे निघाले होते. थोडं अंतर साधे, मोकळे. मग जवळ जवळ. मग दोन न तुटणाऱ्या ओळी. त्या ओळींच्या टोकाला, अर्ध्या रानात, बानूबाई होती. त्याच्याकडं पाठ करून ती सावकाश पुढं सरकत होती. पुढं सरकवलेला एक पाय, त्याला येऊन भिडणारा दुसरा.

तिनं आपली काठी आडवी, पुढं धरली होती. एक टोक तिच्या मुठीत. दुसरं टोक हवेत होतं, पण लवत नव्हतं. कुणीतरी पुढून धरून आंधळ्याला न्यावं तशी ती काठी ताठ होती.

७

"मावशी, थांबा," तो ओरडला.

ती थांबली. मान न वळवता म्हणाली, "मागं कोन बोलतंय?"

"मी आदेश. वायरमन."

"तू मागं कसा आसशील?" बानूबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, नुसती कुरकुर होती. "तू तर म्होरं हायेस की. काठी धरून."

तिच्या पुढं कुणी नव्हतं. उन्हाची थरथर होती, आणि त्या थरथरीत रानाचा मध्य होता. तिथली माती खळ्यासारखी गोल, चोपून घट्ट झालेली. मधल्या तारेच्या बरोबर खाली. सकाळी ती तशी नव्हती, की त्यानंच नीट पाहिली नव्हती, हे त्याला आठवेना.

तो बांधावरून खाली उतरला आणि त्याच्या तळव्यांना मुंग्या आल्या. बुटातूनसुद्धा. तो जागीच खिळला. लाईन बंद होती. त्या तारा त्यानं स्वतःच्या हातांनी दोन्हीकडून सोडवल्या होत्या. या जमिनीत वीज असायला कारणच नव्हतं. पण दोन मेंढ्या मेल्या होत्या, आणि त्याच्या पिंढऱ्यांतून ती ओळखीची बारीक सणक वर चढत होती. अंगवळणी पडलेलं ज्ञान सांगत होतं, पाय जुळव. जुळव आणि घासत जा.

आणि त्याच्याही नकळत त्याचे पाय जुळले होते.

पुढं बानूबाई पुन्हा सरकली. आता तिच्या आणि त्या चोपलेल्या गोलाच्या मध्ये फार रान उरलं नव्हतं.

"मावशी, पाय उचला. टांग टाका आणि माझ्याकडं पळत या."

"उचलू नको म्हनालास की तूच."

"मीच म्हणालो. आता मीच सांगतोय, उचला."

"म्होरला तर न्हाई म्हनतोय." ती गोंधळली होती. "कुनाचं आयकू मी?"

जमीन जिवंत असेल तर ती पहिल्याच टांगेला खाली पडणार होती, आणि तिला ती टांग टाकायला लावणारा तो असणार होता. जमीन मेलेली असेल तर ती अशीच, नियम पाळत, शहाण्यासारखी त्या गोलात जाऊन उभी राहणार होती. मेगर असता तरी त्यानं हे सांगितलं नसतं. आदेशनं डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, पायाला मुंग्या येत असताना, पाऊल उचललं. जेवढं लांब टाकता येईल तेवढं लांब टाकलं.

बूट जमिनीवर धप्पदिशी वाजला. पिंढरीत कळ उठली आणि मांडीपर्यंत येऊन थांबली. तो पडला नाही.

"मावशी, कान द्या," तो म्हणाला आणि दुसरं पाऊल टाकलं. मग तिसरं. "माझं पाऊल वाजतंय. आलं का ऐकू? पुढच्याचं वाजतंय का?"

बानूबाईनं मान तिरपी केली. सगळी जिंदगी मेंढरांमागं गेलेली बाई; अंधारात कुठलं जनावर कुठल्या पायानं लंगडतंय ते तिला ऐकून कळायचं. ती ऐकत राहिली. आदेशचे बूट वाजत येत होते. ते दोन पावलांच्या मध्ये थांबले की रानात एकच आवाज उरत होता. मातीवरून काहीतरी घासल्याचा. बानूबाई तर उभी होती. ती घासत नव्हती.

"ह्येचं वाजत न्हाई," ती हळूच म्हणाली. "ह्येनं एकदाबी पाय उचलला न्हाई."

तिनं काठी सोडली आणि पाऊल उचललं.

काठी लगेच पडली नाही. आदेशनं ती पाहिली. उन्हाच्या थरथरीत, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, ती आडवी राहिली. तिच्या मागं क्षणभर काहीतरी उभं होतं. ऊन जिथं हलत नव्हतं एवढाच त्याचा आकार होता. मग काठी खाली आली, आणि वर मधली तार एकदम सुटल्यासारखी उसळून हलायला लागली.

८

बानूबाईचं मनगट धरून तो पळाला. तीही पळाली, लुगड्याचा घोळ एका हातानं वर धरून, तिच्या वयाला न शोभणाऱ्या लांब लांब टांगा टाकत. त्यांच्या पायांखाली जमीन नुसती जमीन होती. वाघरीतल्या मेंढ्यांनी एकच कालवा केला, जाळी तोडली, आणि त्या कोकरांसकट रस्त्याकडं उधळल्या.

डांबरी रस्त्यावर आल्यावर दोघंही वाकून धापा टाकत राहिले. रस्ता रिकामा होता. दोन्हीकडं तापून काळा झालेला. मेंढ्या घोडेगावच्या अंगाला पळत चालल्या होत्या आणि कोकरं मागून ओरडत होती. तिकडूनच बहिरू यायचा होता. वाटेत तो त्यांना अडवील, असं आदेशनं तिला सांगितलं. तिनं मान हलवली. तिच्या तळपायांना काही झालं नव्हतं, हात शाबूत होते, बोलणं नीट होतं. ती वाचली होती. मोटारसायकल वाड्याजवळ, रानाच्या कडेला होती. ती आणायला तो वळला.

आणि थांबला.

तारांखालच्या त्या चोपलेल्या मातीपासून फुफाट्यात एक नवी ओळ निघाली होती. ती अजून उमटत होती. माती थोडी पुढं ढकलली जायची, थांबायची, आणि तिच्या शेजारी दुसरी माती येऊन भिडायची. कसलीही घाई नव्हती. त्यांच्या दोघांच्या लांब लांब पावलांच्या ठशांवरूनच ती येत होती आणि एकेक ठसा पुसत होती.

मोटारसायकल त्या वाटेवर होती. आदेशनं ती सोडून दिली. बानूबाईला मागं घेऊन तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सरकला. पलीकडं घळ होती, उतरायला वाट नव्हती. रस्त्यानंच जायचं होतं, या नाहीतर त्या अंगाला.

ओळ वाड्यापाशी आली. चुलीच्या राखेतून गेली. रस्त्याच्या कडेच्या मुरमावर बारीक खडे सरकले. एक पाऊल. त्याला भिडलेलं दुसरं. मग मुरूम संपला.

"थांबलं का रं त्ये?" बानूबाईनं विचारलं.

आदेश रस्त्याकडं बघत राहिला. डांबरावर धूळ नव्हती. डांबरावर काहीच उमटत नाही.